शोधण्याचे पैसे

मंडळी, गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर मी एका पिकअपच्या खाली झोपलो होतो. अगदी शब्दशः. पाठीखाली पुठ्ठा, हातात टॉर्च आणि नाकात ग्रीसचा वास. बायकोनं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यामुळे नाकारायचीही सोय नाही. :)

तर झालं असं की माझ्या मामेभावाचा एका शुक्रवारी रात्री साडेदहाला फोन आला. वयानं मोठा, म्हणून आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. राहायला हडपसरला. त्याची एक पिकअप आहे, नऊ वर्षं जुनी. पहाटे सासवडच्या बाजूची भाजी भरून गुलटेकडीला मार्केट यार्डात आणायची आणि दुपारनंतर मिळेल ते भाडं मारायचं, हा त्याचा धंदा. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मागे पाटे असलेल्या कुठल्याही पिकअपची हीच गोष्ट होऊ शकते.

"अरे, तू इंजिनियर ना? मग मला एक सांग. नवीन पाटे टाकल्यावर गाडी सरळ व्हायला पाहिजे का वाकडी?"

मी सॉफ्टवेअरवाला आहे हे त्याला गेल्या पंधरा वर्षांत पटलेलं नाही. त्याच्या लेखी इंजिनियर तो इंजिनियर.

प्रकार असा होता. जूनमध्ये मागच्या डाव्या बाजूचा मेन पाटा तुटला. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं शहाणपणा करून एकच बाजू न बदलता दोन्ही बाजूंचे सेट नवीन टाकले. इथपर्यंत सगळं बरोबर. पाटे नेहमी जोडीनंच बदलावेत, कारण एक बाजू नवी आणि दुसरी नऊ वर्षं दबलेली असेल तर गाडी तिरकी होणारच. पण दोन्ही नवीन असून दुसऱ्या दिवशी दादाची गाडी उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला झुकलेली. हौद्यात ठेवलेला पाण्याचा कॅन आपोआप उजव्या फळीला जाऊन टेकायचा.

गॅरेजवाला म्हणाला, "नवीन आहेत, बसतील." दोन आठवडे झाले, काही बसलं नाही. मग म्हणाला, "उजवीकडे एक पॅकिंग टाकून देतो. पाचशे रुपयांत काम."

दादानं पाचशे रुपये देऊन मोकळं व्हायला हरकत नव्हती. अडचण वेगळीच होती. भवानी पेठेतल्या एका काचेच्या व्यापाऱ्याकडे त्याला महिन्याच्या बोलीवर काम मिळत होतं. भाजीच्या भाड्यात चढउतार फार, हे काम म्हणजे बँकेच्या हप्त्याची काळजी मिटली असती. काचेची तावदानं लाकडी घोडीवर उभी टेकवून नेतात. व्यापाऱ्यानं गाडी मागून पाहिली आणि म्हणाला, "आधी गाडी सरळ करून आणा, मग माल भरू." त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? त्यातून पुढच्या महिन्यात गाडीचं पासिंग.

शनिवारी सकाळी मी टेप घेऊन हडपसरला पोचलो. अंगात उत्साह असा की जणू प्रॉडक्शन सर्व्हर पडलाय आणि तो मीच उचलणार.

पहिला गाढवपणा पंधरा मिनिटांत झाला. गाडी घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी होती. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेतली, हौद्याच्या दोन्ही कडांवर पाण्याची पातळी पाहिली, तर गाडी जवळजवळ सरळ! डावी बाजूच सहा मिलिमीटर खाली. दादा म्हणाला, "म्हणजे व्यापाऱ्याचे डोळे खराब?"

डोळे त्याचे ठीक होते. रस्ता सपाट नव्हता. पावसाचं पाणी कडेला वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मध्ये उंचवटा ठेवतात आणि कडेकडे मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार देतात. हौदा साधारण १.७ मीटर रुंद. म्हणजे डाव्या कडेला उभी केलेली कुठलीही चांगली गाडी साडेतीन-चार सेंटिमीटर डावीकडे कललेली दिसणार. आमची गाडी उजवीकडे झुकलेली होती आणि रस्ता डावीकडे, दोघांनी मिळून हिशोब जुळवला होता. व्यापाऱ्याच्या आवारात सपाट कोबा होता, म्हणून तिथे ते उघड दिसलं.

मग फुरसुंगीला दादाच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये गेलो. तिथला कोबा पाण्याच्या नळीनं तपासून घेतला. चारी टायरची हवा पाहिली, तर मागच्या उजव्या चाकात थोडी कमी. ती सारखी केली, नाहीतर आपण पाटे मोजतोय का हवा मोजतोय तेच कळणार नाही. टायर दोन्हीकडे एकाच मापाचे आहेत ना तेही पाहिलं. हौदा रिकामा केला. मग जमिनीपासून हौद्याच्या कडेपर्यंतचं माप दोन्ही बाजूंना घेतलं. फरक २८ मिलिमीटर, उजवी बाजू खाली. गाडी वळवून उलट्या तोंडानं उभी केली आणि परत मोजलं. पुन्हा २८. म्हणजे जमीन सुटली, गाडीच दोषी.

आता प्रश्न असा की गाडी मागे झुकलेली दिसते म्हणजे दोष मागेच आहे का? तसं नसतं. चेसिस ही एकच चौकट आहे. पुढचा एक कोपरा दबला की मागची बाजूही तिरकी दिसू शकते. हे तपासायची युक्ती सोपी आहे. पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्ये जॅक लावायचा आणि पुढची चाकं जमिनीवरून जेमतेम सुटतील इतकी उचलायची. मागच्या चाकांना अर्थातच लाकडी ठोकळे. आता पुढचा भाग एकाच बिंदूवर टेकलाय, त्यामुळे तो गाडीला कुठल्याच बाजूला कलवू शकत नाही. तरीही मागे तिरकेपणा राहिला तर दोष मागचा.

राहिला. उलट २८ चे ३२ झाले. म्हणजे पुढची बाजू इतके दिवस गाडी सरळ धरायला धडपडत होती.

इथपर्यंत मी फारच खूश होतो. दोष मागे, मागे नवीन काय तर पाटे, म्हणजे पाट्यांची जोडी विजोड. एकदम लॉजिकल! माझ्याकडे त्याला पुरावाही होता, निदान पुस्तकी. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनावर ठरतो. सात मिलिमीटरच्या पाट्याऐवजी आठचा आला तर तो एकटा पाटा जवळजवळ दीडपट कडक होतो. एक मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कुठला दिसायला! शिवाय काही गाड्यांना कंपनीच डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे सेट देते, तेही उलटसुलट लागू शकतात. संध्याकाळपर्यंत मी मोबाईलवर नवीन सेटच्या किमती पाहून ठेवल्या होत्या. बटण दाबायचंच बाकी होतं.

दादा म्हणाला, "एकदा पाटेवाल्याला दाखवू. मग घे काय घ्यायचं ते."

दुसऱ्या शनिवारी आम्ही नाना पेठेत गेलो. पुण्यात ज्यानं कधी जुनी गाडी पाळलीय त्याला ही पेठ सांगायला नको. गाडीचा नंबर आणि साल सांगितलं की दुकानदार न बघता मागच्या फळीवरून पार्ट काढतो. तिथून जवळच एका बोळाच्या तोंडाशी हे पाट्यांचं दुकान. बाहेर तुटक्या पाट्यांचा ढीग, आत एक ऐरण आणि एक साठीचे मिस्त्री. तिथे सगळे त्यांना काका म्हणत होते, आम्हीही काकाच म्हणालो.

मी फोन काढून माझी मापं दाखवायला लागलो. काकांनी ती नीट ऐकून घेतली हे सांगितलं पाहिजे. २८ आणि ३२ हे आकडे त्यांनी परत विचारून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे मागंच आहे. चांगलं केलंत साहेब, माझा अर्धा तास वाचला."

माझी छाती फुगली. पण मग ते गाडीखाली शिरले आणि मी ज्या पाट्यांवर संशय घेतला होता त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. एका फडक्यानं त्यांनी यू बोल्टची खालची टोकं पुसली. पाटे ॲक्सलवर आवळून धरतात ते हे यू बोल्ट. वरून पाट्यांना मिठी मारायची आणि खाली नट. काकांनी मला आत बोलावलं.

"आटे मोजा. नटाच्या खाली किती दिसतात?"

डावीकडे दोन. उजवीकडे आठ.

"पाटे दोन्हीकडं सारखे, यू बोल्ट सारखे, ॲक्सल तर एकच. मग आटे कमीजास्त कसे?"

मला अजूनही कळलं नव्हतं. दोन आट्यांमधलं अंतर दोन मिलिमीटर. सहा आट्यांचा फरक म्हणजे बारा मिलिमीटर. डावीकडे यू बोल्टच्या मिठीत बारा मिलिमीटरचं काहीतरी जास्तीचं होतं. पाटा न सोडता, वर्नियर न लावता, दोन मिनिटांत!

पण ते लगेच तिथे गेले नाहीत. आधी त्यांनी पाट्यांच्या दोन्ही टोकांचे बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी असताना. डाव्या बाजूचा बोल्ट सुटताना कर्रर्र आवाज झाला आणि हौद्याची ती बाजू आमच्या डोळ्यांदेखत थोडी खाली आली. पुन्हा मोजलं. २८ चे १९.

ही भानगड काय ते जरा सांगतो, कारण स्वतःच्या गाडीला हात लावणाऱ्या कोणालाही उपयोगी आहे. पाट्याच्या टोकाला डोळा असतो आणि त्यात रबरी बुश. आतल्या नळीतून बोल्ट जातो. बोल्ट आवळला की नळी ब्रॅकेटला घट्ट धरली जाते आणि मग पाटा वरखाली होताना रबर पिळलं जातं. हा पीळ दोन्ही दिशांना थोडाथोडा असावा अशीच रचना आहे. पण गाडी जॅकवर आणि ॲक्सल खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर आधीच पिळलेलं असतं. ओल्या धुण्यासारखं. ते पाट्याला सतत परत लोंबकळत्या जागी ढकलत राहतं, म्हणजे ती बाजू उचलून धरतं. त्या दिवशी डावी बाजू हवेत असतानाच आवळली गेली होती आणि उजवी गाडी खाली उतरवल्यावर. असं चालवत राहिलं तर गाडी तिरकी राहतेच, वर रबर फाटतं. नियम एवढाच की हे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना.

आता राहिले १९. काकांनी डावीकडचे यू बोल्ट सोडले. गाडी टेकूवर घेतली, पाटा ॲक्सलवरून थोडा उचलला आणि हातोडीच्या एका फटक्यानं मध्ये दडलेली पट्टी बाहेर काढली. चिखल आणि ग्रीसनं इतकी माखलेली की ॲक्सलचाच भाग वाटावी. पुसली, मोजली. बारा मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी, मध्ये ड्रिल मारून पाडलेलं एक भोक.

पॅकिंग.

आणि इथे दादानं माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही, फक्त पाहिलं. मग मला आठवलं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास त्याचा असाच एक फोन आला होता. तेव्हा गाडी डावीकडे झुकायला लागली होती. कारण सरळ होतं. माल उतरवायचा तो फूटपाथच्या बाजूनं, म्हणजे डावीकडून. त्यामुळे जड पोती आधीच डावीकडे रचायची सवय. वर्षानुवर्षं ते वजन सोसून डावे पाटे बसले होते. आमच्या हपिसात त्या रात्री रिलीज होतं. मी एका कानानं फोन ऐकत दुसऱ्या कानानं कॉलवर होतो. कोणीतरी त्याला पॅकिंगचा उपाय सांगितला होता आणि त्यानं मला विचारलं होतं, टाकू का? मी म्हणालो होतो, "टाक ना दादा. सरळ झाली म्हणजे झालं."

सरळ झाली. तीन वर्षं झाली. पाटे मात्र बसतच राहिले आणि शेवटी त्याच डाव्या बाजूचा मेन पाटा तुटला. गॅरेजवाल्यानं नवीन सेट टाकले आणि खाली जे जसं होतं ते तसंच ठेवून वरून आवळलं. दबलेल्या पाट्यांसाठी टाकलेली पट्टी आता ताठ पाट्यांच्या खाली आली. डावी बाजू वर, उजवी खाली. झुकली उजवी बाजू, पण दोष होता डावीकडे.

हिशोबही जुळतो बघा. पाटे हौद्याच्या मानानं बरेच आत असतात. दोन पाट्यांमधलं अंतर धरा एक मीटर, हौदा १.७ मीटर. पाट्याखालचे बारा मिलिमीटर हौद्याच्या कडेला वीस दिसायला हवेत. पुढची बाजू थोडा विरोध करते, म्हणून आम्हाला सतराच्या आसपास मिळाले. पट्टी काढून, नवे यू बोल्ट टाकून, सगळं वजनावर आवळून मोजलं तेव्हा फरक उरला दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर तर बॅटरी आणि डिझेलच्या टाकीचेही असू शकतात.

काकांनी ती पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तिरकेपणाचं सोडा साहेब. हे भोक बघा." पाट्यांच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या खाचेत बसतं, म्हणून ॲक्सल जागेवर राहतो. जाड पट्टी मध्ये आल्यावर ते डोकं खाचेपर्यंत पोचतच नव्हतं. आणि यू बोल्टच्या नटाखाली उरलेले दोन आटे. म्हणजे भरलेल्या गाडीच्या एका बाजूचा ॲक्सल केवळ यू बोल्टच्या आवळण्यावर जागच्या जागी होता. नट थोडे ढिले पडले असते तर ॲक्सल मागेपुढे सरकला असता. हे असं दादा तीन वर्षं पहाटे चार वाजता सासवडहून दिवे घाट उतरत होता. माझ्या सल्ल्यानं.

आता मुद्द्यावर येतो.

निघताना दादानं विचारलं, "काका, किती झाले?" काका म्हणाले, "यू बोल्टचे धरून बाराशे द्या." दादा व्यवहाराला पक्का. लगेच म्हणाला, "अहो, पार्ट म्हणजे यू बोल्ट तेवढे. काढलं तर तुम्ही, टाकलं काय?"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला माझी आई हेच म्हणते. टीव्हीवाला एक वायर जोडून गेला की सोसायटीतले काका हेच म्हणतात. मी स्वतः एका प्लंबरशी असंच भांडलोय, कारण तो "नुसता एक वॉशर" बदलून तीनशे रुपये मागत होता. आपण वस्तूचे पैसे देतो. हातांचेही देतो, थोडे कुरकुरत. शोधण्याचे देत नाही. आणि शोधण्याचे पैसे मिळत नसतील तर कोण कशाला शोधेल? मग तो काय करेल, तर पार्ट बदलेल. पार्टमध्ये मार्जिन आहे, पार्ट दाखवता येतो, जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवता येतो. जिथे शोधायला दोन तास लागणार तिथे पॅकिंग टाकायला वीस मिनिटं.

म्हणून पहिल्या गॅरेजवाल्यावर माझा फारसा राग नाही. दादानं त्याला सांगितलं होतं, "संध्याकाळपर्यंत द्या, पहाटे तीनला भाजीला निघायचंय." त्यानं दिली. अंधार पडता पडता एका बाजूचे बोल्ट हवेतच आवळले गेले. खाली पट्टी दिसली असेल तर त्यानं ती कंपनीची समजून ठेवली असेल, नाहीतर दिसलीच नसेल. त्याला विचारायला वेळ नव्हता आणि आपण त्या वेळेचे पैसे देणार नव्हतो. चूक त्याची आहेच, पण त्या चुकीची ऑर्डर आपण दिलेली होती. "बसतील" हे मात्र त्यानं बोलायला नको होतं. नवे पाटे थोडे बसतात हे खरं, पण दोन्ही बाजूंचे सारखेच बसतात. तिरकी गाडी बसली तरी तिरकीच राहते.

आणि गंमत बघा, आमच्या धंद्यात हेच काम केवढ्या दिमाखात चालतं! एखादा सर्व्हर तासभर पडला की आम्ही "रूट कॉज ॲनालिसिस" नावाचं डॉक्युमेंट लिहितो. क्लायंट त्याचे तासावर पैसे मोजतो, तेही डॉलरमध्ये. चार दिवस शोधून शेवटी एकच ओळ काढून टाकली तरी कोणी म्हणत नाही, "अहो, काढलीत तर, टाकलं काय?" उलट कौतुकाची ईमेल येते. नाना पेठेतल्या काकांनी नेमकं तेच केलं. आधी मापं ऐकली, एका वेळी एकच गोष्ट बदलली, प्रत्येक बदलानंतर परत मोजलं आणि शेवटी कारण काढून हातात ठेवलं. तेवढ्यानंही तिरकी राहिली असती तर ते दोन्ही बाजूंचे पाटे अदलाबदल करून बघणार होते. तिरकेपणा पाट्यांबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाट्यात, तिथेच राहिला तर चेसिसमध्ये किंवा हौद्यात. यापेक्षा स्वच्छ टेस्ट मी आमच्या टीममध्येही क्वचित पाहिलीय.

पुण्यात तरी हे जास्त टोचतं. हे गाड्या बनवणाऱ्यांचं शहर. आकुर्डीच्या बजाज टेम्पोमुळे मालाच्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण आजही टेम्पोच म्हणतो. मुळात ते एका जर्मन कंपनीचं नाव. १९६९ ची मॅटाडोर इथलीच, १९८६ ची टाटा ४०७ इथलीच आणि २००५ साली आलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, तोही सुरुवातीला इथेच बनला. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, तिथे नव्या गाड्यांची चाचणी किती काटेकोरपणे होते हे तिथे काम करणाऱ्या मित्रांकडून ऐकत असतो. आणि तीच गाडी शोरूममधून बाहेर पडून चार वर्षं झाली की तिच्या आयुष्यात टेप येतच नाही. "जरा तिरकी वाटते", "जरा ओढते", "जरा आवाज येतो". सगळं जरा. कोणीच आकडा लिहून ठेवत नाही. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी गाडी कशी होती आणि नंतर कशी झाली यावर फक्त भांडता येतं, बोलता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, शोधण्याचे पैसे द्यायचे म्हणजे आयतं लुटायला आमंत्रण. चार तास गाडी उभी करून ठेवतील आणि म्हणतील, शोधत होतो. शंका रास्त आहे. पण डॉक्टरची फी आपण देतोच ना? "काही नाही, दोन दिवस आराम करा" म्हणाले तरी देतो. तिथे आपल्याला कळतं की पैसे गोळीचे नाहीत, गोळी नको हे कळण्याचे आहेत. गॅरेजमध्येही हे जमू शकतं. फक्त शोधण्याचा पुरावा मागा. काम सुरू करायच्या आधीचं माप बिलावर लिहून घ्या आणि झाल्यानंतरचंही. पाट्यांचं काम असेल तर दोन्ही बाजूंची उंची, बस्स. ज्याला मोजायचं नाही तो या अटीवर काम घेणार नाही आणि ज्याला येतं त्याला पहिल्यांदा कोणीतरी त्याचे पैसे देईल.

दुसरं म्हणजे, जुगाड करायचाच असेल तर करा. रात्री दोन वाजता घाटात अडकलेल्या माणसाला रूट कॉज ऐकवू नये. पण केलेला जुगाड कुठेतरी लिहून ठेवा. आमच्याकडे कोडमध्ये तसा शेरा मारायची पद्धत आहे, पाळतो कोण ते सोडा. त्या पट्टीबद्दल एक ओळ जरी कुठे लिहिलेली असती, तर जूनमध्ये नवे पाटे टाकताना ती निघाली असती. तो उपाय तीन वर्षांपूर्वीच्या गाडीसाठी होता. गाडी बदलली, उपाय तसाच राहिला. आणि ज्यानं सुचवला होता, तो विसरूनही गेला होता.

असो. दादाला मी हे सगळं भाषण नाना पेठेतच दिलं असतं, पण त्याची गरज पडली नाही. मी नुसतं म्हणालो, "दादा, गेल्या शनिवारी मी नवीन सेट मागवणार होतो. तो केवढ्याला पडला असता ते विचार." त्यानं विचारलं, मी सांगितलं. मग त्यानं मुकाट्यानं बाराशेच्या जागी पंधराशे काढले. काकांनी तीनशे परत दिले. म्हणाले, "वरचे नकोत. तीनशे किलोमीटर झाले की परत आणा, यू बोल्ट एकदा आवळायचे असतात. त्याचे पैसे घेणार नाही." दादा हट्टानं म्हणाला, "त्याचे पण घ्या."

सोमवारी काच भरली. व्यापाऱ्यानं गाडी मागून पाहिली आणि काही बोलला नाही, म्हणजे पसंत. तीनशे किलोमीटरनंतर दादा आठवणीनं परत जाऊन आला. पासिंगचं काम अजून व्हायचंय.

गाडीच्या सनव्हायझरमागे आता एक पुठ्ठ्याचं कार्ड खोचलेलं आहे. त्यावर दादाच्या अक्षरात तारीख, डावीकडची उंची, उजवीकडची उंची आणि हवेचे आकडे. खाली एक ओळ आहे, "पॅकिंग काढले आहे. परत टाकू नये. इंजिनियरला विचारू नये."

ही शेवटची सूचना मी मान्य केली आहे. :)